गोळ्या सोडून नुसतं अश्वगंधा?

दादा, अश्वगंधा चालू करून डिप्रेशनच्या गोळ्या एकदम बंद करा असं वरच्या पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलाय, ते तेवढं करू नका ओ कुणी. अचानक सोडलं की चक्कर, झोप उडणं, चिडचिड सगळं उलटतंय, कमी करायचं तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. सेंट जॉन्स वर्ट म्हणून डिप्रेशनवरचं एक झाडपाल्याचं औषध ऑनलाइन मिळतंय ते तर या गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचंच, सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं मूडशी संबंधित रसायन नको तितकं वाढतंय.

बाकी सौम्य त्रास असला तर बिनगोळीचं बरंच काही आहे की. व्यायाम खरंच उपयोगी पडतोय, बेळगावात वॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी जरा घाम येईपर्यंत भरभर चाललं तरी चालतंय, ऊनपण मिळतंय. आणि बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणून एक पद्धत आहे, मूड यायची वाट बघायची नाही, आधी छोटं काम ठरवायचं, आंघोळ, भाजी आणणं, मावशीकडं जाऊन बसणं, आणि मन नसलं तरी ठरलेल्या वेळी करायचं, मूड मागनं येतोय. दारू मात्र बंद, तिनं झोप आणि मन दोन्ही बिघडतंय.

जगणं नको वाटायला लागलं तर घरगुती उपाय बघत बसू नका, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटलपण आहे.