बायोडेटा म्हणजे नुसती धरसोड, त्यात ऑफिसची कामं करून द्यायचा धंदा जमेल का?

सहा_अठ्ठावीसची_लोकल

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, राहायला बदलापूर. बी.कॉम. आहे, त्याआधी मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या टायपिंगच्या परीक्षा दिल्यात, तेव्हा खडखड मशीनच होतं. पुढे जे केलं ते ऐकून हसू नका. नर्सिंग होममध्ये दोन वर्षं रिसेप्शन, मग कुरिअरच्या ऑफिसात बुकिंग, लग्न, मुलगा, चार वर्षं घरी, मग एका विमा एजंटकडे हप्त्यांच्या आठवणीचे फोन, मग शाळेत कंत्राटी क्लार्क आणि शेवटी ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलं नि एलआर (ट्रकने पाठवलेल्या मालाच्या पावत्या), ती नोकरी मार्चमध्ये सुटली. आता इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा कागद खालीवर बघतो आणि विचारतो, मॅडम तुम्ही एका जागी टिकत का नाही.

तर मिस्टरांचे एक मित्र आहेत इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, ते म्हणतात वहिनी माझी बिलं, कोटेशनं, पैसे अडकलेत त्यांना फोन, एवढं घरून बघा, महिन्याला देतो काहीतरी. "काहीतरी" म्हणजे किती ते काही बोलत नाहीत. असं एकाचं घेऊन पुढे चारपाच जणांचं घेता येईल का? किती मागायचे? रजिस्ट्रेशन वगैरे लागतं का? सासूबाई म्हणतात घरात बसून दुसऱ्याची कारकुनी करायची आणि त्याला धंदा म्हणायचं होय. त्यामुळे जरा अनुभवी लोकांनी सांगा.

कार्बनपेपर

ताई, तुमचा बायोडेटा वाचून मला माझाच वाचल्यासारखं झालं :) मी पुण्यात २०१६ पासून हेच करतेय, आज ११ क्लायंट आहेत आणि दोघीजणी हाताखाली.

माझी वरात अशी: साताऱ्याला टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे, मग झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, मग होम लोनच्या एजंटकडे फायली लावायचं काम, मग एका हॉस्पिटलात टीपीए डेस्क, म्हणजे पेशंटच्या विम्याच्या क्लेमची कागदपत्रं बघायची. घरचे म्हणायचे हिचं कुठे बूड टेकत नाही. पण त्या कॅशलेसच्या डेस्कवर तीन वर्षं बसून मला एक गोष्ट पक्की कळली होती, क्लेमची फाइल परत का येते ते. डिस्चार्ज कार्डावर तारीख एक आणि फायनल बिलावर दुसरी, आधार कार्डावर नाव एक आणि पॉलिसीत दुसरं, इम्प्लांटचं स्टिकर लावायचं राहिलेलं. बहुतेक वेळा एवढंच असतं. ओळखीच्या एका छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांचे पैसे अशाच फायलींत अडकलेले, मी चार रविवार बसून सगळ्या क्वेऱ्यांची उत्तरं लावून दिली, पैसे सुटायला लागले आणि ते म्हणाले आता दर महिन्याला येत जा. हा पहिला क्लायंट. मी काही धंदा वगैरे ठरवून सुरू केला नव्हता.

तेव्हा तुम्ही "मी ऑफिसची सगळी कामं करते" असं सांगत फिरू नका, त्याने कुणालाच काही कळत नाही. एलआर, पीओडी (माल पोचल्याची सही) आणि बिल एकमेकांना जुळवून पार्टीला पाठवायचं हे तुम्हाला येतं ना? ट्रान्सपोर्टवाल्यांचे पैसे तिथेच तर तुंबतात. आणि हप्त्याच्या फोनांची सवय आहे म्हणजे पैसे मागायची लाज गेलेली आहे, हे तर सोनं आहे, बऱ्याच जणींचं तिथेच अडतं.

पैशाचं म्हणाल तर "काहीतरी" वर कधीही हो म्हणू नका. मी एकाला महिन्याला २,५०० मध्ये "लागेल ते" करते म्हणाले, शेवटी त्याच्या पुतण्याचं रेल्वेचं तिकीट आणि मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्मसुद्धा मीच भरत होते. आता सरळ कागदावर लिहून देते, बिलं इतकी, फोन या वेळेत, त्यावर गेलं तर वेगळे पैसे.

एक फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. माझ्याकडे दोन पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर होते, दोघांनीही एकाच सोसायटीच्या कामाला कोटेशन दिलेलं हे माझ्या लक्षातच नाही. रात्री साडेदहाला, एका हाताने भाजीला फोडणी देताना, एकाचं कोटेशन दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. डिलीट करेपर्यंत निळ्या टिका. सकाळी दोघांनीही काम काढून घेतलं आणि दोघांचंही बरोबर होतं. तेव्हापासून एका धंद्यातले, एका भागातले दोघं घेत नाही आणि कामाचा फोन वेगळा ठेवलाय, स्वयंपाकघरात तो येत नाही.

ताळेबंद_जुळेना

रजिस्ट्रेशनचं मी सांगतो, सीएच्या ऑफिसात आयुष्य चाललंय.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका, आधार-पॅनवर ऑनलाइन होतं आणि पूर्ण फुकट आहे. नेटवर सरकारी दिसणाऱ्या साइटी काढून लोक त्याचे पैसे घेतात, देऊ नका. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर दुकान-ऑफिसांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे अगदी थोडी माणसं असली की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, बँकेत करंट अकाउंट उघडायला तो कागद चालतो. प्रोफेशन टॅक्सचा पीटीईसी (स्वतःचा धंदा करणाऱ्याची नोंदणी) काढा, वर्षाला २,५०० रुपये. सेवेच्या धंद्याला जीएसटी २० लाखांच्या उलाढालीवर लागतो, तेव्हा ती काळजी आत्ता नको.

आणि बिलावर उद्यम नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळतो, आयकराच्या नियमाने. लेखी करार नसेल तर ४५ चे १५ दिवसच होतात. मार्च आला की मोठे क्लायंट स्वतःहून फोन करतात, बघा.

कॅलेंडरवर दर महिन्याला चार गोल काढून ठेवा. ७ टीडीएस (कापून घेतलेला कर), ११ जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील), १५ पीएफ-ईएसआयसी (कामगारांचे), २० थ्रीबी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न). रिटर्न क्लायंटचा सीए भरेल, तुम्ही त्यात पडू नका, कागद आधी जमवून द्यायचं काम तुमचं. आणि काहीही झालं तरी कुणाची डिजिटल सहीची पेनड्राइव्ह घरी ठेवून घेऊ नका. लोक बिनधास्त देतात, वर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून. उद्या काही भानगड झाली की सही कुणाच्या ताब्यात होती यावर सगळं येतं.

अंबडचा_लेथवाला

मी समोरच्या बाजूचा, म्हणजे काम बाहेर देणारा. वर्कशॉप छोटं आहे, फुलटाइम माणूस परवडत नाही. आमच्या मॅडम छान होत्या पण एकदा १९ तारखेला त्यांना डेंग्यू निघाला, सगळी बिलं त्यांच्या लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात. तापात बिचारीला विचारणार तरी काय. लेट फी भरली गुपचूप. तेव्हा ताई, फायली अशा जागी ठेवा की तुम्ही पडलात तरी आम्हाला सापडतील.

जिना_चढून_तिसरा

सोसायट्या विसरू नका! मी कल्याणला ६४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी, नोकरी सांभाळून हे करतोय. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, १४ दिवस आधी नोटीस, मग इतिवृत्त, आय रजिस्टर, जे रजिस्टर (दोन्ही सभासदांच्या नोंदींची), शेअर सर्टिफिकेटवर नवीन नावं. नीट मराठीत इतिवृत्त लिहिणारं माणूस शोधून मिळत नाही हो. आमची जुनी सगळी कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये पडलीत, नवीन कॉम्प्युटरवर उघडली की नुसती अगम्य चिन्हं. शाळेत क्लार्क होतात म्हणजे हे तुम्हाला पाणी आहे. व्यनि (खाजगी निरोप) करा.

सहा_अठ्ठावीसची_लोकल

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उद्यम झालं, १५ मिनिटांत, फुकट. भावोजींना (ते कॉन्ट्रॅक्टर मित्र) कागदावर लिहून दिलं, महिन्याला ४० बिलांपर्यंत ६,००० आणि वसुलीचे फोन रोज ११ ते १२. ते ४ म्हणाले, मी गप्प बसले (हे अवघड गेलं), मिस्टर पण गप्प बसले, शेवटी ५ वर आले. सेक्रेटरी साहेब, व्यनि केलाय.

काल संध्याकाळी भावोजी कापडाच्या दुकानाची एक मोठी पिशवी आणून ठेवून गेले, म्हणे सगळं यात आहे. वायरी, स्विच, डिझेल, हमाली, चहावाल्याचं खातं. पेट्रोल पंपाच्या पावत्या निम्म्या पांढऱ्या पडल्यात, उजेडात तिरक्या धरून वाचतेय. आणि तळाशी वहिनींच्या चार ब्लाउजच्या शिलाईची पावती निघाली, १,४०० रुपये. ती कशात टाकू?

ताळेबंद_जुळेना

मालकाच्या उचल खात्याला, घरखर्च तो. पुढची पावती?