लॉग उडवूनही डिस्क भरलेलीच, तासाचं टार क्रॉनमधून चालत नाही: ४० सर्व्हरवर हे नीट कसं बसवावं?

रात्रपाळी
मंडळी, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चे ४० सर्व्हर आहेत, सगळ्यांवर एकच जावा अ‍ॅप्लिकेशन. स्टार्ट स्क्रिप्ट त्याचा कन्सोल आउटपुट एकेरी > ने लॉग फाइलमध्ये टाकते. रात्री २ वाजता रूटच्या क्रॉनटॅबमधून (ठरल्या वेळी चालणाऱ्या कमांडची यादी) ही फाइल ५ जीबीच्या वर गेली असेल तर आरएम (डिलीट) होते. फाइल जाते, पण डीएफमध्ये (डिस्कची भरलेली जागा दाखवणारी कमांड) /व्हार ९६% वरच राहतं, डीयूचा (फाइलींनी घेतलेल्या जागेची बेरीज) हिशोब मात्र निम्माही भरत नाही. शिवाय तारखेचं नाव देऊन एनएफएसवर (नेटवर्कवरचा सामायिक साठा) टार (फाइलींचा एकत्र गठ्ठा) करणारी दर तासाची ओळ हाताने चालते, क्रॉनमधून नाही. स्क्रिप्टमधून चालवली तर कधी तासाच्या वर जाते आणि दुसरं टार तिच्यावर चढतं.

सह्याद्री
आरएमने फक्त नाव जातं. जावाच्या प्रोसेसने फाइल उघडी धरली आहे तोवर ब्लॉक सुटत नाहीत. डीयू नाव असलेल्याच फाइलींचे ब्लॉक मोजतं, डीएफ वापरातले सगळे ब्लॉक मोजतं, म्हणून फरक. एलएसओएफ +एल१ (नाव गेलेल्या पण उघड्या फाइलींची यादी) चालवा. ज्या ओळीत एनलिंकखाली (फाइलला उरलेली नावं) ० आणि शेवटी कंसात ‘डिलीटेड’ दिसेल, तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एफडी (प्रोसेसमधला उघड्या फाइलचा क्रमांक) घ्या. समजा २८१७ आणि १डब्ल्यू. मग /प्रॉक/२८१७/एफडी/१ ही शून्यावर ट्रंकेट करा, म्हणजे रिकामी करा. रीस्टार्ट न करता जागा लगेच सुटते.

चालू लॉगवर आरएम कायमचा बंद करा आणि लॉगरोटेट (लॉग फाइली ठरावीक वेळाने फिरवणारं साधन) लावा. कन्सोलची फाइल जावा नव्याने उघडत नाही, त्यामुळे इथे त्याचं कॉपीट्रंकेटच (प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणं) चालेल. पण आधी स्टार्ट स्क्रिप्टमधला > बदलून >> (शेवटी भर घालणारं) करा, हे टाळू नका. नाहीतर फाइल रिकामी झाल्यावरही जावा जुन्याच ऑफसेटला (फाइलमधल्या जागेला) लिहीत राहतो: एलएसमध्ये ५ जीबी, डीयूमध्ये काही एमबी, आणि सुरुवातीला नुसते नल बाइट्स. कॉपीट्रंकेटला प्रत काढायला तेवढीच मोकळी जागा लागते, म्हणून ५ जीबीची वाट बघू नका, ५०० एमबीला फिरवा. कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवतात. ऑडिटचा लॉग असेल तर हा मार्ग नको. तो लॉग फॉर जे २ (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी) च्या रोलिंग फाइलने अ‍ॅप्लिकेशननेच फिरवावा.

नुसतं मॅक्ससाइझ ५००एम लिहून भागत नाही. लॉगरोटेटचा टायमर दिवसातून एकदाच उठतो, मधे फाइल कितीही फुगो. टायमरच्या ओव्हरराइडमध्ये आधी रिकामं ऑनकॅलेंडर (वेळापत्रकाची ओळ) द्या, मग अवरली (दर तासाला).

अनुस्वार
टारची ओळ: तारखेच्या फॉरमॅटमधला % हा दोषी. क्रॉनटॅबमध्ये सुटा % म्हणजे नवी ओळ; पहिल्या % नंतरचं सगळं कमांडच्या स्टँडर्ड इनपुटवर जातं. प्रत्येक % आधी बॅकस्लॅश द्या किंवा ओळ स्क्रिप्टमध्ये टाका.

दख्खन
दोन टार एकमेकांवर चढू नयेत म्हणून एफलॉक -एन (लॉक आधीच घेतलेला असेल तर लगेच थांबतं) पुरेसं आहे; लॉक फाइल एनएफएसवर नको, /रनमध्ये ठेवा. पण ४० मशीन एकाच मिनिटाला त्याच एनएफएसवर तुटून पडतात, त्याचं काय? क्रॉनऐवजी सिस्टमडी (लिनक्सच्या सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) टायमर घ्या. रँडमाइझ्डडिलेसेक (सुरुवातीला कमीजास्त उशीर) २० मिनिटं ठेवलं की भार पसरतो. सर्व्हिस वनशॉट (एकदा काम करून संपणारी) असली तर पहिलं टार संपेपर्यंत दुसरं सुरूच होत नाही. मात्र वनशॉटला सुरुवातीची वेळमर्यादा मुळात नसते. एनएफएस अडकलं तर टारही अडकून राहील आणि पुढची खेप होणारच नाही. टाइमआउटस्टार्टसेक ५० मिनिटं द्या आणि ऑनफेल्युअरने कळवणारी युनिट जोडा.

आणि टारची ओळ थेट एक्झेकस्टार्टमध्ये (सर्व्हिसची कमांड लिहायची ओळ) चिकटवू नका. तिथे शेल नसतो, तारखेची कमांड उलगडत नाही, आणि % तिथेही विशेष चिन्ह आहे, दोनदा लिहावं लागतं.

वाटप अ‍ॅन्सिबलने (अनेक सर्व्हरवर बदल लावणारं साधन) करा: सीरियल (एका खेपेतले सर्व्हर) १, मग ५, मग २५%, आणि मॅक्स फेल पर्सेंटेज (अपयशाची मर्यादा) ०. चेक मोडच्या (बदल न करता चाचणी) भरवशावर राहू नका. शेल मॉड्यूलचे टास्क त्यात वगळले जातात, त्यामुळे सगळं हिरवं दिसतं.

रात्रपाळी
ट्रंकेट केल्यावर डीएफ ४१% वर आलं, >> केलं, टारही चालतंय. पण पहिल्या सर्व्हरवर लॉगरोटेट हाताने चालवलं तर ‘पालक डिरेक्टरीच्या परवानग्या असुरक्षित’ अशा अर्थाची एरर देऊन फाइल वगळतो.

सह्याद्री
लॉगची डिरेक्टरी अ‍ॅप्लिकेशनच्या ग्रुपला लिहिता येते, म्हणून. रूट म्हणून तिथे फाइल हलवायला लॉगरोटेट नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. लॉगरोटेटच्या त्या लॉगच्या ब्लॉकमध्ये एसयू (कोणाच्या नावाने चालायचं ते), पुढे अ‍ॅप्लिकेशनचा युजर आणि ग्रुप लिहा. परवानग्या ७७७ करू नका, एरर तशीच राहील.