रक्ताच्या थेंबावरून जंतुसंसर्ग ओळखता येतो का?

प्रश्न (कोरेगाव, सातारा): वडिलांना थंडीतापामुळे दाखल केले तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) पाठवले आणि अहवालाला २-३ दिवस लागतील म्हणून प्रतिजैविके लगेच सुरू केली, मग बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या सीआरपी चाचणीचा उपयोग काय?

उत्तर १ (मिरज): सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन शरीरातील दाह दाखवते, जंतूचे नाव सांगत नाही. नेमके औषध बहुधा कल्चरवरूनच ठरते, परंतु सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेच्या) शंकेत तेवढे थांबणे धोक्याचे असल्यामुळे डॉक्टरांनी माझ्या मते योग्यच केले.

उत्तर २ (कराड): क्षयाची गोष्ट वेगळी आहे. गोव्यातील कंपनीचे, बॅटरीवरही चालणारे ट्रूनॅट यंत्र थुंकीतील क्षयाचे जंतू सुमारे तासाभरात ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कल्चरचा अहवाल आल्यावर औषध बदलायचे का, हे डॉक्टरांना विचारतो.