स्वीट बर्चचं तेल कोल्हापुरीला चालेल का?

अमेरिकेहून स्वीट बर्च या तिकडच्या झाडाच्या तेलाची १५ मिलीची बाटली आली आहे. वास थेट गंधपुऱ्याच्या तेलाचा. दोन्हींत मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेटच, म्हणजे दुखण्याच्या मलमांत असतं ते रसायन. आईच्या गुडघ्यांना लावता येत नाही, कारण ती वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेते आणि हे कातडीतून रक्तात उतरतं. डॉक्टरांनी साफ नको सांगितलंय. घरात लहान मूल आहे, त्यामुळे डिफ्यूझरही नको, बाटली कुलपात.

चपलांच्या कपाटात बोळ्यावर थेंब टाकून पाहिले, वास पार दिवाणखान्यापर्यंत येतो. रशियन चामड्याला बर्चचं तेल लावत, पण ते सालीचं डांबरी, काळं, धुरकट वासाचं. माझं तेल पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ आहे.

हे मेणात मिसळून माझ्या कोल्हापुरीला लावलं तर रंग किंवा कातडं बिघडेल का? कुणी लावलं असेल तर प्रमाण किती घेतलं?