आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं) सोडून घरीच त्वचेखालून इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचं का?

उमरेडकर: रुग्णाला सीव्हीआयडी (शरीरात प्रतिपिंडं कमी बनण्याचा आजार), वजन ६० किलो. दर ४ आठवड्यांनी २४ ग्रॅम आयव्हीआयजी. उमरेडहून नागपूरला येण्यात अख्खा दिवस जातो, आणि चौथ्या आठवड्यात थकवा, सायनस पुन्हा सुरू. डॉक्टरांनी त्वचेखालचा पर्याय सुचवला आहे. घरच्यांना तो पटला, पण रुग्णाला सुईचीच धास्ती. काय बघून ठरवायचं? आणि मे महिन्यात औषध सांभाळायचं कसं?

धंतोलीची_सिस्टर: भाऊ, आधी हिशेब मांडा. २४ चे चार भाग, म्हणजे आठवड्याला ६ ग्रॅम. २० टक्क्यांच्या औषधाचे ३० मिली. (काही उत्पादनांत डोस १.३७ पट धरतात, ते डॉक्टर ठरवतील.) सुरुवातीला एका जागी १५ मिली, वेग ताशी १५ मिली. पोटावर दोन सुया, एक तास. म्हणजे महिन्याला एका टोचणीऐवजी आठ! हा आकडा रुग्णाला आजच सांगा, घरच्यांना नंतर.

त्वचेखालच्या मार्गाच्या बाजूने एवढं, की शीर शोधावी लागत नाही आणि दर आठवड्याला घेतल्याने रक्तातली पातळी सपाट राहते. चौथ्या आठवड्याची ती घसरण बहुतेक त्यामुळेच थांबते.

जास्त चुकतं ते सुईच्या टोकाशी. नळी भरताना औषध टोकापर्यंत आणू नका, थोडं अलीकडे थांबवा. ओली सुई घुसवली तर औषध कातडीत उतरतं आणि खाज, लाली येते. सुई आखूड पडली तरी तेच होतं. लांब झाली तर स्नायूला लागून दुखतं. ६ की ९ मिमी, हे पोटावरची चरबी चिमटीत धरून ठरतं. दोन सुयांत ५ सेंमी अंतर, बेंबीपासूनही तेवढंच. टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढा. रक्त दिसलं तर ती सुई काढा, नवा सेट, नवी जागा. फुगवटा येणारच, एक-दोन दिवसांत बसतो. पहिले डोस दवाखान्यातच, नर्ससमोर.

दवाबाजार_गंजीपेठ: घरात उरलेली आयव्हीची ५ टक्क्यांची बाटली त्वचेखाली द्यायची नाही. ६ ग्रॅमला १२० मिली होतील, आणि ते उत्पादन त्या मार्गासाठी नाहीच. त्वचेखालचं उत्पादन दर महिन्याला मिळेल का, हे स्टॉकिस्टकडून आधी पक्कं करा. मधेच तुटलं तर पुन्हा ड्रिपवर यावं लागेल.

साठवण २ ते ८ अंश, फ्रीजच्या मधल्या फळीवर. दारात नको, फ्रीजरला चिकटून तर अजिबात नको. गोठलेली बाटली वाया गेली समजा. उमरेडला नेताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, पण बाटली आणि पिशवी यांच्यामध्ये कापड हवंच. ४५ अंशांत गाडीच्या डिकीत ठेवू नका. देण्याआधी बाटली बाहेर काढून आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गरम पाण्यात नाही. हलवूही नका, फेस होतो. गढूळ दिसली तर परत करा. बॅच नंबर वहीत चिकटवा.

मेडिकल_चौक: तिसरा मार्गही आहे: आधी हायलुरोनिडेज (त्वचेखाली औषध पसरायला वाट करून देणारं एन्झाइम), मग इम्युनोग्लोब्युलिन. एकाच जागी शेकडो मिली जातं, म्हणून ३-४ आठवड्यांतून एकदाच. टोचण्या कमी हव्या असतील तर डॉक्टरांना विचारा. मिळेलच असं धरू नका.

घरी देताना सोबत कुणीतरी असू द्या. मान आखडून जबर डोकेदुखी, एका पायाला सूज, छातीत दुखणं किंवा श्वास लागणं यापैकी काही झालं तर लगेच दवाखाना. सुया घट्ट झाकणाच्या जाड डब्यात जमवून दवाखान्यात द्या, घंटागाडीत नको.