मार्कचं शुभवर्तमान समजून घ्यायचंय, मराठी पुस्तक सुचवा (बजेट ३०० रु.)

कळवेकरीण: आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला कुणीतरी एका धर्मग्रंथावर बोलतं. यंदा माझी पाळी. बायबल कधी उघडलेलं नाही. एकजण म्हणाला, मार्क घे, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रचना आणि मुख्य सूत्रं, एवढंच अर्ध्या तासात सांगायचंय. मराठीतच हवं.

वाशीवाला: मी इंग्रजी स्टडी बायबल घेतली. चामडी बांधणी, नकाशे, तळटीपा. अडीच हजार गेले, पण जन्माचं काम झालं. ३०० मध्ये काय येणार?

कळवेकरीण: मराठीत हो!

नेरूळची_माई: वसईचे फादर दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बघ बाळा. भाषा आपली वाटते. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचार, विकत कशाला घेतेस?

शंकेखोर: मार्क कशाला? योहानाचं शुभवर्तमान घ्या. पाण्याचा द्राक्षारस होण्यापासून मेलेल्या लाजराला उठवण्यापर्यंत सात चिन्हं, रचना आयती मिळते.

मुंब्र्याचा_मास्तर: आधी १६ अध्याय एका बैठकीत वाचा, दीड तास पुरे. हातात पेन्सिल ठेवा. पहिला अर्धा भाग मुख्यतः गालीलात: चमत्कार, आणि ‘हा आहे तरी कोण?’ हा प्रश्न. ८:२९ ला (अध्याय ८, वचन २९) शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. तिथून वाट यरुशलेमकडे वळते. मला मारतील, असं येशू तीनदा सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३) आणि तिन्ही वेळा शिष्यांचं भलतंच. पेत्र त्यालाच दटावतो, मग आपल्यात मोठा कोण यावर वाद, मग याकोब-योहान उजव्या-डाव्या हाताची जागा मागतात. या भागाच्या अलीकडे-पलीकडे एकेक आंधळा बरा होतो. बेथसैदाच्याला आधी माणसं झाडांसारखी दिसतात, दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर नीट दिसतं. यरीहोचा बार्तीमय मात्र दिसू लागताच मागे चालू लागतो. खरे आंधळे कोण, ते तुम्हीच ठरवा.
दुसरी खूण म्हणजे गोष्टीच्या पोटात गोष्ट. याईराच्या मुलीकडे निघालेला येशू वाटेत रक्तस्रावाच्या बाईपाशी थांबतो. अंजिराचं झाड आणि मंदिर यांचंही तसंच.

घोडबंदर_रोड: +१, एका बैठकीत वाचा. फक्त ऑनलाइन मागवू नका. मला आलेल्या प्रतीचा टाईप मुंगीएवढा, परत घ्यायलाही तयार नाहीत.

शंकेखोर: शेवटाचं कुणी बोललंच नाही. १६:९ ते २० ही वचनं बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीत. त्यांत बायका घाबरून येशूच्या कबरेपासून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, संपलं.

नेरूळची_माई: आमच्या पुस्तकात आहेत की. चर्चमध्येही वाचतात.

शंकेखोर: कंसात असतील, नाहीतर खाली टीप असेल.

वाशीवाला: माझ्या स्टडी बायबलमध्ये यावर अर्धं पान आहे.

तलावपाळी: अवांतर: १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू मारले गेले होते, हे किती ठाणेकरांना ठाऊक आहे? आणि खरी मराठी हवी तर इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण वाचा. १६१६ चं, दहा हजारांवर ओव्या.

मुंब्र्याचा_मास्तर: अहो, अर्धा तास बोलायचंय त्यांना.

कळवेकरीण: सगळ्यांचे आभार. शेजारच्या काकूंकडून नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) आणला, फुकट. उघडला तर पहिलंच शुभवर्तमान मत्तयाचं, तेच घेतेय. पाच मोठी प्रवचनं आहेत: अध्याय ५ ते ७, मग १०, १३, १८, २४-२५. प्रत्येकाच्या शेवटी ‘येशूने हे बोलणं संपवल्यावर’ अशा अर्थाचं वाक्य येतं. भाग आपोआप पडले.

शंकेखोर: २८ अध्याय! आणि सुरुवातीलाच येशूची वंशावळ, चौदा-चौदा पिढ्या तीनदा. कट्टा झोपेल.

कळवेकरीण: वंशावळीपासूनच सुरू करणार. बापांच्या त्या यादीत येशूच्या आईच्या, मरियेच्या आधी चार बायका आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. ह्यांनाच का घेतलं, ह्यावर पहिली दहा मिनिटं सहज जातील.