हिवाळ्यात वडिलांना घारापुरीला न्यायचे आहे, दिवसाची आखणी कशी करावी?

प्रश्न : पाऊलवाट

माझे वडील 74 वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी घारापुरीच्या त्रिमूर्तीचे चित्र खडूने फळ्यावर काढले, पण लेणी प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र कधी आला नाही. येत्या डिसेंबरात त्यांना तिथे न्यायचेच, असे मी ठरवले आहे. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ते काठी टेकत सावकाश चालतात, परंतु हलत्या लाँचमध्ये पाय टाकण्याची त्यांना भीती वाटते. कोणत्या वेळी निघावे, चढण झेपेल का आणि लेणी निवांत पाहण्यासाठी किती वेळ हाताशी ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : ओहोटी

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी गर्दी फार असते, त्यामुळे मधला एखादा वार निवडा आणि गेटवेहून सकाळच्या पहिल्या एक-दोन लाँचपैकी एक पकडा. प्रवास साधारण तासाभराचा आहे. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, मात्र सकाळी पाण्यावर धुरके असते आणि वारा बोचतो, म्हणून वडिलांना कानटोपी व शाल द्या आणि खालच्या मजल्यावर बसवा.

खरी कसोटी चढता-उतरताना लागते. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवे शेवाळ असते. कधी कधी एका लाँचमधून दुसऱ्या लाँचमध्ये पाय टाकून जावे लागते. काठी तुमच्याकडे घ्या, खलाशाला आधीच सांगून ठेवा आणि त्याने हात पुढे केला की वडिलांना त्याचे मनगट धरायला सांगा, कारण बोटे ओल्या हातातून निसटतात. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवल्यात तर निम्मी काळजी मिटेल.

बेटावरचा धक्का लांब आहे, पण तिथे छोटी आगगाडी असते. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने असल्यामुळे जागोजागी थांबता येते, आणि अगदीच जमेना तर खुर्चीत बसवून वर नेणारी माणसेही मिळतात. माकडांपासून मात्र सावध राहा, हातातली पिशवी ती हिसकावून घेतात.

प्रतिसाद : कातळरेघ

प्रवासाविषयी वर नीट लिहिले आहे, म्हणून मी लेण्यांविषयी लिहितो. माझ्या मते एका दिवसात सगळे बेट पालथे घालण्यापेक्षा पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात दोन-अडीच तास घालवावेत.

उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटे काहीही न पाहता नुसते उभे राहा, कारण डोळे सरावल्याशिवाय या लेण्यातले काहीच खरे दिसत नाही. उत्तरेच्या दारातून आत शिरताना उजव्या हाताला नटराज आहे आणि डावीकडे योगीश्वर, म्हणजे ध्यानस्थ शिव. समोर दक्षिणेच्या भिंतीत जी भव्य मूर्ती आहे, तिला आपण त्रिमूर्ती म्हणतो, पण अभ्यासक तिला सदाशिव मानतात, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे, तर तिन्ही मुखे शिवाचीच. आपल्या डाव्या बाजूचे मुख अघोराचे, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाचे आहे, त्याला मिशी आहे आणि हातात साप आहे. उजवीकडचे मुख वामदेवाचे, म्हणजे शिवाच्या सौम्य रूपाचे, स्त्रीसारखे कोमल, आणि त्या हातात कमळ आहे. मधले मुख डोळे मिटून स्थिर आहे. सुमारे अठरा-वीस फुटांच्या त्या कातळात तो खालचा ओठ इतका मऊ घडवला आहे की मी दर वेळी तिथेच अडकतो.

वडील इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून आणखी एक सांगतो. येथील शिलालेख पोर्तुगीजांनी पोर्तुगालला पाठवला आणि पुढे तो हरवला, त्यामुळे लेणी कोणी खोदली याचा लेखी पुरावा उरला नाही. शैली आणि सापडलेली नाणी यांच्या आधारे ती सहाव्या शतकातील कलचुरी राजघराण्याच्या काळातली असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपांचे अवशेषही आहेत, पण गुडघा दुखत असताना तिकडे जाऊ नये.

प्रतिसाद : गलबत

लाइफ जॅकेटविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून आवर्जून सांगते. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीने प्रवासी लाँचला धडक दिली आणि अनेकांचे प्राण गेले. जॅकेट बसल्याबरोबर अंगात घाला आणि त्याचे पट्टे स्वतः ओढून पाहा. परतीसाठी शेवटच्या लाँचची वाट पाहू नका, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संध्याकाळी धक्क्यावर रेटारेटी होते.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले, तो आता बेटावर नाही. तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तिथे चढण नाही, तेव्हा वडिलांना तो जरूर दाखवा. संग्रहालय बुधवारी बंद असते.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांना हे सगळे वाचून दाखवले. खुर्ची नको, प्रत्येक दहा पायऱ्यांवर बसत चढेन, असे ते म्हणतात. गुरुवारी घारापुरी आणि शुक्रवारी हत्ती, असे ठरले आहे. शिलालेख हरवल्याचे ऐकून ते बराच वेळ गप्प होते, आणि मग त्यांनी कपाटातली जुनी टिपणवही काढायला सांगितली.